सातवी पिढी बसत नाही

धुळ्याचे आडते आबा जळगावला आले ते मांडीवर सीपीयू घेऊनच. एसटीतली खिडकीची जागा, पारोळा-एरंडोलचा रस्ता आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेला डबा. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, हे काय?" आबा म्हणाले, "नातू शे. झोपेल शे." तिकीट पडलं नाही.

(आमच्याकडं मॉनिटर आणि कीबोर्ड सोडला की उरलेल्या सगळ्या डब्याला सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू त्यात बिस्किटाएवढा असतो. पण बिस्किटाला मांडीवर कोण घेतो?)

गोलाणी मार्केटात नेहमीच्या पोराकडं गेलो. त्यानं झाकण उघडलं, ब्लोअर मारला. आबांच्या दुकानासमोर जिनिंग आहे, त्यामुळं आतून धूळ कमी आणि रुईच जास्त निघाली. एक वात वळता आली असती. मग त्यानं यंत्र चालू केलं, काय काय तपासलं आणि चेहरा गंभीर केला.

"आबा, मशीन ठणठणीत आहे. पण नवीन विंडोज चढणार नाही. तुमची सातवी पिढी आहे. आठवी लागते."

मला एकदम सोयरिकीच्या बैठकीत बसल्यासारखं वाटलं. मुलगा शिकलेला, शेती बागायती, व्यसन नाही. फक्त पत्रिका जुळत नाही.

आबांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मशीन बंद नही पडनं, मशीनले नापास करं. हाई काय शे भो?"

हाई काय शे, ते आता सांगतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात धुळे-जळगावच्या ज्या व्यापाऱ्यानं जन्मात संगणक घेतला नव्हता, त्यानंही घेतला. रिटर्न भरायचं तर घेणं भागच होतं. दुकानदारानं त्या वेळची सर्वांत ताजी वस्तू दिली, ती सातव्या पिढीची. आठव्या पिढीची डेस्कटॉप चिप जगात आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. म्हणजे सरकारचं ऐकून वेळेवर संगणक घेतला तो नापास, आणि टंगळमंगळ करत दिवाळीनंतर घेतला तो पास. चालढकलीला असं रोख बक्षीस आपल्या देशात पहिल्यांदाच मिळालं असेल.

नियम मायक्रोसॉफ्टचा. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्यापुढची चिप हवी, शिवाय टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. सुवर्णनगरी जळगावात तिजोरीचं महत्त्व कुणी कुणाला सांगायला नको. पण ही तिजोरी सातव्या पिढीच्या बऱ्याच यंत्रांतही असते. तरी नापास. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती ग्राहकाला आणखी एका वर्षाची मुदत मिळाली आणि विषय मिटला. गंमत पुढंच आहे. यादीत सातव्या पिढीच्या काही मोजक्या चिपना त्याआधीच माफी मिळाली होती. त्यातली एक मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेली होती. घरचं लग्न असलं की पत्रिका कशी बरोब्बर जुळते!

कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं. ते अगदीच खोटं नाही. पण जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाची दोन भगदाडं जगजाहीर झाली, तेव्हा आठवी पिढीही त्यातून सुटलेली नव्हती. प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी पुढची कामं अंदाजानं आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेलं पुसतो, पण पुसलेल्याचे ठसे राहतात आणि त्या ठशांवरून चोराला आतलं कळतं. चूक चिपची होती. ठिगळ लावलं सॉफ्टवेअरवाल्यांनी. आणि ठिगळामुळं वेग कमी झाला तो आबांचा. चिपवाले आणि सॉफ्टवेअरवाले एकमेकांशी कसे जुळवून घेतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. दोघं समजुतीनं वागतात, बिल तिसऱ्याला.

आता आबांच्या डब्यात चालतं काय, तेही बघू. एक हिशोबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीपुरतं. आणि दुसरं खरं सॉफ्टवेअर: शेतकऱ्याची पट्टी काढणारं. माल किती, भाव काय, हमाली, तोलाई, उचल वजा, हातात किती. हे धुळ्याच्याच एका पोरानं नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलं. त्यानं ३८६ वर लिहिलं, ते ४८६ वर चाललं, पेंटियमवर चाललं. मग एक दिवस आबांनी आणखी वेगवान यंत्र आणलं आणि पट्टी उघडेचना. पडद्यावर एकच ओळ: डिव्हाइड बाय झिरो.

यात आबांची चूक नव्हती, त्या पोराचीही नव्हती. त्या काळातले बरेच प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजायचे. एक रिकामी फेरी मारायची, तिला किती वेळ लागला ते घड्याळात बघायचं आणि त्या वेळानं भागायचं. यंत्र इतकं वेगवान झालं की घड्याळाचा काटा हलायच्या आत फेरी संपली. वेळ शून्य, आणि शून्यानं भागाकार. फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्या यात सापडल्या. खुद्द विंडोज ९५ सुद्धा एएमडीच्या के६-२ चिपवर ३५० मेगाहर्ट्झपासून पुढं याच पद्धतीनं आपटायचं. जास्त पळाल्याबद्दल बाद होणारा धावपटू आम्ही तेव्हा पाहिला. शेवटी दुरुस्तीची फाइल आली, तोवर आबांनी पंधरा दिवस पट्ट्या हातानं लिहिल्या.

त्याआधी तर संगणकाला टर्बोचं बटण असायचं. आम्हाला वाटायचं, दाबलं की विमान होतं. खरं काम उलटं होतं. जुने खेळ १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झवर बेतलेले, नव्या यंत्रावर ते डोळ्याला दिसायच्या आत संपायचे. म्हणून यंत्राला मुद्दाम मंद करायची सोय होती. वेगवान वस्तू विकायची आणि तिलाच मंद करायचं बटणही द्यायचं, पण बटणाला नाव द्यायचं टर्बो. जाहिरात खात्याचा हा सर्वोच्च क्षण.

पण इथं चिपवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे. इंटेलची ८०८६ आली १९७८ मध्ये. आजची चोवीस कोअरची चिप चालू केली की पहिला क्षण ती त्या ८०८६ सारखीच वागते, सोळा बिटांची. म्हणजे रोज सकाळी ती १९७८ मध्ये जागी होते आणि तिथून चालत चालत आजच्या काळात येते. हे जुनं ओझं काढून टाकायचा प्रस्ताव इंटेलनं २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ च्या अखेरीस गुंडाळला. शेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरला दिलेला शब्द मोडवेना. २०१७ मध्ये जीएसटीसाठी घेतलेल्या यंत्राला मात्र कुणी शब्दच दिलेला नव्हता.

तरी आबांची पट्टी अडलीच. चौसष्ट बिटांच्या विंडोजनं सोळा बिटांचे डॉसचे प्रोग्राम थेट चालवणं बंद केलं, आणि विंडोज ११ बत्तीस बिटांत येतच नाही. मग गोलाणीच्या याच पोरानं डॉसबॉक्स टाकून दिलं. म्हणजे आत एक खोटा जुना संगणक उभा करायचा आणि आबांच्या फॉक्सप्रोला सांगायचं, घाबरू नको, अजून १९९४ च चालू आहे.

भुसावळच्या माणसाला हे जुळवून घेणं समजावून सांगावं लागत नाही. पूर्वी मुंबईकडून डीसी वीज यायची ती इगतपुरीपर्यंत, पुढं भुसावळकडं एसी. इगतपुरीला इंजिन सोडायचं, दुसरं जोडायचं, तोवर प्रवाशानं वडा खायचा. मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बनवली. आणि शेवटी सगळी तारच एसी करून टाकली. ॲपलनं मॅकची चिप अशी तीनदा बदलली: १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये. शेवटच्या वेळी रोझेटा २ नावाचा दुभाषा मध्ये बसवला, तो जुन्या इंटेलच्या आज्ञा नव्या चिपच्या भाषेत उल्था करून देतो. लोकांना इंजिन बदललेलं कळलंसुद्धा नाही. वडा हुकला तेवढाच.

असो. चिप आणि सॉफ्टवेअरमधली मूळ भानगड सुरू झाली ती गरमीपासून. आणि गरमीवर बोलायचा अधिकार मुंबई-पुण्याचा नाही, तो आमचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. दुपारी एक ते चार कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

१९८१ ते २००४ या तेवीस वर्षांत पीसीचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झवरून ३.८ गिगाहर्ट्झवर गेला. आठशे पट. तो काळ सॉफ्टवेअरवाल्यांच्या सुगीचा. काही न करता त्यांचा प्रोग्राम दरवर्षी वेगवान व्हायचा, कारण खालचं यंत्र वेगवान व्हायचं. मग त्यांनी तेच केलं जे सुगीत कुणीही करतं: हात सैल सोडला. पास्कल भाषेचे जनक निकलॉस वर्थ यांनी १९९५ मध्येच सांगून ठेवलं होतं की यंत्रं जितक्या वेगानं वेगवान होतात, त्याहून वेगानं सॉफ्टवेअर मंद होतं. धंद्यातली मंडळी हेच इंटेलच्या अँडी ग्रोव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांच्या नावानं म्हणायची: अँडी देतो, बिल नेतो. त्यात आता एक तऱ्हा वाढली आहे. साधं गप्पांचं ॲप घ्या, ते आपल्यासोबत अख्खा ब्राउझर घेऊन येतं. चार ॲप, चार ब्राउझर. प्रत्येक वऱ्हाडी आपापला आचारी घेऊन आला तर मांडवात बसायचं कुणी?

आणि २००४ मध्ये सुगी संपली. चिप तापायला लागली. ठोका वाढवायचा तर वीज जास्त लागते आणि ती वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ट्रान्झिस्टर लहान केले की विजेचा खर्चही आपोआप कमी व्हायचा, ते गणितही याच सुमारास मोडलं. इंटेलनं चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणू म्हणून सांगितलं होतं. ऑक्टोबर २००४ मध्ये तो बेत रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर परिषदेत गुडघे टेकून माफी मागितली. गमतीनं, पण टेकले. त्यानंतरच्या वीस वर्षांत ठोका सहा गिगाहर्ट्झच्या जरासा पुढं गेला, दुप्पटसुद्धा नाही. तेवीस वर्षांत आठशे पट, आणि नंतर हे.

आजही चिप शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःच पाय ओढते. पुण्यात एसी खोलीत तपासलेलं सॉफ्टवेअर धुळ्यात मे महिन्यात दुपारी रडतं, त्याचं कारण हे. पंख्यात रुई, पेस्ट वाळलेली, पत्र्याचं छप्पर, आणि फोनवर कस्टमर केअरची मुलगी विचारते, "सर, आपण रीस्टार्ट करून पाहिलं का?" ताई, आधी आम्हालाच कुणी रीस्टार्ट करा.

ठोका वाढेना म्हणून चिपवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. एकाच चिपमध्ये दोन कोअर, मग चार, मग सोळा. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना सांगितलं, आता काम वाटून करा. इथं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हर्ब सटर या जाणकारानं २००५ मध्ये लिहूनच टाकलं, फुकटचं जेवण संपलं.

काम वाटून का होत नाही, हे जळगावकराला भरीत पार्टीत समजतं. शेतात वीस जण जमले. बामणोद-भादलीकडची पांढरट हिरवी वांगी आणली. काड्यांच्या जाळावर भाजणं सगळ्यांनी वाटून घेतलं. सोलणं वाटून घेतलं. बोटं पोळली, तीही वाटून पोळली. बडगीत ठेचायला चौघं बसले. इथवर झकास. पण फोडणी? कढई एक, आणि फोडणी घालणारा एकच. त्याच्या हाताखाली दुसरा उभा राहिला तर मिरची करपते आणि भांडण होतं. समजा एकट्यानं करायचं तर दहा तासांचं काम, त्यातला एक तास फोडणीचा. आता वीस काय, हजार माणसं बोलवा, तासाच्या आत भरीत व्हायचं नाही. आयबीएमच्या जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं, त्याला ॲमडालचा नियम म्हणतात. त्यांनी भरीत खाल्लं नव्हतं हा आमचा दोष नाही.

आबांच्या यंत्रात चार कोअर आहेत. फॉक्सप्रो त्यातला एक वापरतो. उरलेले तीन पारावर बसल्यासारखे बसून असतात.

पुढं इंटेलनं आणखी एक सुधारणा केली. २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीत दोन जातींचे कोअर घातले: थोडे दांडगे, जड कामाला, बाकीचे काटक, वीज कमी खाणारे. कल्पना चांगली. पण काही खेळांमध्ये चोरीची प्रत पकडणारं जे कुलूप असतं, त्याला वाटलं की हे दांडगे आणि काटके म्हणजे दोन वेगळे संगणक आहेत. एकाच परवान्यावर दोन यंत्रं! चोर, चोर! खेळ बंद. तेव्हा इंटेलनं पन्नासच्या आसपास खेळांची यादी काढली आणि तात्पुरता तोडगा दिला तो असा: सेटिंगमध्ये एक पर्याय चालू करा आणि मग स्क्रोल लॉकचं बटण दाबा, काटके कोअर झोपतील. अब्जावधी ट्रान्झिस्टर, जगातले सर्वांत हुशार इंजिनिअर आणि उपाय म्हणून स्क्रोल लॉक. ज्या बटणाचा उपयोग चाळीस वर्षांत आम्हाला कुणी सांगितला नव्हता, त्याचा उपयोग निघाला.

हसायला ठीक आहे. पण जुळवून घेणं म्हणजे खरोखर काय, ते बघायचं तर पुण्याकडं बघावं लागतं. अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख. भटकर आमच्या जवळच्या अकोला जिल्ह्यातले, म्हणून थोडा अभिमान आम्ही उसना घेतो. १९९१ मध्ये परम ८००० आला. तो ट्रान्सप्यूटर नावाच्या ब्रिटिश चिपवर उभा होता. एकेक चिप किरकोळ. चौसष्ट एकत्र जोडून, कामाचे तुकडे करून, एकमेकींना निरोप धाडत काम करून घ्यायचं. कामाचे असे तुकडे करायचे ही गोष्ट बाकीच्या जगातल्या साध्या प्रोग्रामरला २००५ मध्ये कळवण्यात आली. पुण्यातली पोरं ती चौदा वर्षं आधी करत होती, आणि नाइलाजानं करत होती.

मग ट्रान्सप्यूटरचा वंशच खुंटला. लिहिलेलं सगळं इंटेलच्या आय-८६० वर न्या. तीही चिप फार टिकली नाही. मग स्पार्कवर न्या. १९९८ चा परम १०००० स्पार्कच्याच घराण्यावर आला. मग आयबीएमची पॉवर, मग परत इंटेल. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या बदलीच्या कारकुनासारखं त्या सॉफ्टवेअरनं घर बदललं. पण तिथं खाली यंत्र बदललं म्हणून हवामानाचा शास्त्रज्ञ मांडीवर डबा घेऊन एसटीत बसला नाही. ज्यांचं काम होतं, त्यांनीच ते अंगावर घेतलं.

याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड काही वाचकांना आठवत असेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम, पुण्यात वाढलं. डॉसच्या काळात प्रोसेसरला देवनागरी झेपायची नाही. जोडाक्षर, वेलांटी, रफार म्हटलं की त्याचा जीव जायचा. म्हणून मराठीसाठी वेगळं कार्ड संगणकात खोचायचं. म्हणजे मराठी ही भाषा नव्हती, सुटा भाग होता. पुढं प्रोसेसर तगडे झाले, कार्ड गेलं, विंडोज २००० मध्ये देवनागरी आतच आली. तिच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवलेला. वेगळी चिप गेली, सॉफ्टवेअरनं काम उचललं.

आता चाक फिरून तिथंच आलंय. अलीकडे नवे लॅपटॉप एनपीयू नावाचा वेगळा भाग घेऊन येतात, एआयसाठी. सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी केल्याशिवाय मायक्रोसॉफ्ट लॅपटॉपला कोपायलट प्लस म्हणत नाही. प्रोसेसरला झेपत नाही म्हणून वेगळा भाग, हे तेच जिस्ट कार्ड. फरक इतकाच की त्या कार्डानं काय करायचं ते विकत घेताना माहीत असायचं.

मधल्या मध्ये आमची पोरं. खान्देशातल्या एका कॉलेजात, नाव नको, प्रयोगशाळेत नवेकोरे संगणक आले. बारा कोअर. मी कौतुकानं बघायला गेलो. पडद्यावर निळी खिडकी, वर पिवळी अक्षरं. टर्बो सी. नव्वदच्या सुरुवातीचं. आणि ते चालवायला डॉसबॉक्स! म्हणजे आबांच्या पट्टीसाठी गोलाणीत जी जडीबुटी वापरली, तीच तिथं अभ्यासक्रमाला लागली आहे. बारा कोअरपैकी अकरा पारावर. मी सरांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "परीक्षेत याचंच आउटपुट विचारतात." मग पोरगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला मुलाखतीला जातं, तिथं कॅशे आणि थ्रेडबद्दल विचारतात आणि पोरगं म्हणतं, सर, क्लियर स्क्रीन येतं. चिपवाल्यांनी जुळवून घेतलं, सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतलं, आडत्यांनीसुद्धा घेतलं. या बाबतीत फक्त अभ्यास मंडळ स्थितप्रज्ञ आहे.

आबांच्या डब्याचं काय झालं, ते राहिलंच. पोरगा म्हणाला, नवीन घ्या. आबांनी भाव विचारला. त्यानं सांगितला आणि वर म्हणाला, रॅम महाग झाली आहे. खरंच झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव चढले. जळगावात सकाळी उठून सोन्याचा भाव विचारायची रीत आहे, गोलाणीत आता रॅमचा विचारतात. आबा म्हणाले, "धान्य तेच शे, पट्टी तीच शे, मंग मशीन का बरं बदलानं?" या प्रश्नाचं उत्तर पोराकडं नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं.

शेवटी तोड निघाली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, पेस्ट बदलली. पट्टीचं यंत्र इंटरनेटपासून तोडलं, त्याला आता नेटवरून कुणी व्हायरस देऊ शकत नाही आणि कुणी अपडेटही देऊ शकत नाही. जीएसटीचं रिटर्न आबांचा पुतण्या घरच्या लॅपटॉपवरून भरतो. सीपीयू परत चादरीत, चादर मांडीवर, पाच वाजताची धुळे गाडी. दुसऱ्या दिवशी फोन आला, पट्टी निघाली. मागं डॉट मॅट्रिक्सची करकर ऐकू येत होती. ते प्रिंटर कधी घेतलं, हे आबांना आठवत नाही.

तेव्हा हिंजवडीत, बंगळुरात, सॅन होजेत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या खान्देशी पोरापोरींनो, एक काम करा. तुमची नवी आवृत्ती बाजारात सोडायच्या आधी एकदा मे महिन्यात गावी या. दुपारी दोन वाजता, धुळ्याच्या बाजार समितीत, पत्र्याखाली, ४ जीबी रॅमच्या सातव्या पिढीवर ती चालवून बघा. आबा दुकानातच असतात. चहा ते पाजतील, ब्लोअर तेवढा तुम्ही आणा.